आण्णांच्या वह्या आणि आण्णांची पेटी

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या तेराव्याला चौकात फलक लागला होता. त्यावर लिहिलं होतं, 'कष्टाळू शेतकरी, सचोटीचे व्यापारी, भजनप्रेमी.' तिन्ही गोष्टी खऱ्या. पण फलक उतरवून घरी आणला तेव्हा वाटलं, वरचं नाव बदललं तर हाच फलक शेजारच्या गावातल्या कुणालाही चालेल. यात आमचे आण्णा कुठे आहेत?

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठावरचं. आण्णांचं गुऱ्हाळ होतं, साडेतीन एकर रान होतं, आणि आसपासच्या पाच-सहा गावांत भजनाला पेटी (हार्मोनियम) म्हटली की त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांचं आयुष्य लिहून काढायला मला दोन वर्षं लागली. तुमच्याही घरी असं कुणी असेल, अजून असतील किंवा नुकते गेले असतील, तर हे काम कसं करायचं ते सांगते. साहित्यिक असायची गरज नाही. मी बँकेत कारकुनी केली, एवढाच माझा लिहिण्याचा सराव.

आधी कागद वाचवा

लिहायला बसण्याआधी घरातले सगळे कागद एका जागी आणा आणि जमिनीपासून उंच ठेवा. हे पहिलं का सांगते, तर आमच्या वह्या माळ्यावरून खाली काढून मीच पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. सवडीने वाचू म्हणून. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आठ दिवसांनी घर उघडलं तेव्हा ट्रंक चिखलात होती.

मग मी आणखी एक चूक केली. वह्या अंगणात कडक उन्हात मांडल्या. पानं वाळली, पण एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली, आणि सोडवताना अक्षरांसकट निघाली. सतरा वह्यांपैकी नऊ हाती लागल्या. नंतर कागदपत्रं जतन करणाऱ्या एका जाणकारांनी जे सांगितलं ते तुम्ही आधीच लक्षात ठेवा. ओली वही उघडायची नाही, पुसायची नाही, पानं सोडवायची नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवसांच्या आत डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. गोठलेल्या वहीत बुरशी वाढत नाही. गावात आइस्क्रीमवाल्याकडे मोठा फ्रीझर असतोच, तो नाही म्हणत नाही. मग सवडीने एकेक वही बाहेर काढायची, थोड्या थोड्या पानांमध्ये कोरा, न छापलेला कागद घालायचा, सावलीत पंख्याखाली ठेवायची आणि घातलेले कागद ओले झाले की बदलायचे. जुनी काजळीची शाई पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. बॉलपेनही टिकतं. फाउंटन पेनाची निळी शाई मात्र पार धुऊन जाते, आणि लाल कापडी बांधणीचा रंग पानांवर उतरतो तो वेगळाच. त्यामुळे वह्या कोरड्या आहेत तोवर प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता, वही सपाट ठेवून. कोरी पानंसुद्धा सोडू नका, कारण शेवटच्या कोऱ्या पानांवरच आण्णा भजनाच्या तारखा लिहायचे.

वही वाचायची कशी

व्यापाऱ्याच्या घरात किर्द आणि खतावणी अशा दोन जातीच्या वह्या सापडतात. किर्दीत रोजचा जमाखर्च तारखेप्रमाणे असतो, खतावणीत माणसागणिक खातं. आयुष्य समजायला दोन्ही लागतात. किर्द दिवस सांगते, खतावणी नाती सांगते.

वह्यांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, हे विसरलात तर सगळे हिशोब वर्षभराने चुकतील. पहिल्या पानावर शके लिहिलेलं असेल तर त्यात 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधली नोंद असेल तर 79. संवत असेल तर दिवाळी ते डिसेंबर 57 वजा करा आणि पुढे 56. वर्ष लिहिलेलंच नसेल तर पैसे बघा. रुपये-आणे-पै दिसले तर वही बहुधा 1957 च्या आधीची, कारण नवे पैसे त्या वर्षी 1 एप्रिलला आले. गावाकडे पुढेही काही वर्षं आण्यांतच लिहीत, म्हणून बहुधा म्हटलं. मण-शेर जाऊन किलो आले ते 1958 ते 1962 च्या दरम्यान. आमच्या एका वहीत पहिल्या अर्ध्यात गुळाचा भाव मणाला आहे आणि नंतर क्विंटलला, आणि मधल्या पानावर समासात आण्णांनी मणाचे किलो किती हे चार वेळा मांडून बघितलंय. तेव्हा ते जेमतेम पंचविशीत असतील. ते पान बघितलं आणि मला पहिल्यांदा माझे वडील तरुण दिसले.

आजोबांच्या काळच्या चिठ्ठ्या मोडी लिपीत असतील तर घाबरू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी मोडी वाचणारे भेटतात. फक्त मूळ कागद देऊ नका, फोटो द्या.

वह्यांबरोबर आडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, पट्ट्या सापडल्या तर त्या सोनं आहेत. गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला लागला की आडत्या जो हिशोब देतो ती पट्टी. किती रवे (गुळाच्या ढेपा), वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, आडत वजा जाता हाती काय आलं, सगळं एका कागदावर. आमच्याकडे तीस किलोचा रवा चालायचा. पट्टीवरची तारीख आणि किर्दीतली तारीख जुळवून बघा. आण्णा सौद्याच्या दिवशी कोल्हापुरात काय खर्च करायचे ते मला असं कळलं. चहा, एस.टी., आईसाठी बांगड्या एकदा, आणि जवळजवळ दरवेळी 'सूर दुरुस्ती' किंवा 'भाता चिकट'. गूळ विकून आलेला माणूस पेटी दुरुस्त करून परतायचा.

सातबारा हेही चरित्र आहे

शेतकऱ्याचं आयुष्य तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पडलेलं असतं. जुन्या सातबाऱ्याच्या आणि फेरफारांच्या नकला अर्ज करून मिळतात, त्या काढा. अर्ज करताना जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर दोन्ही लिहा, कारण जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदलले. बारा नंबरच्या नमुन्यात त्या त्या साली रानात काय पीक होतं ते असतं. इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. आमच्या रानावर 1973 साली बोजा चढलेला दिसला आणि मी थांबले. आण्णा आम्हाला नेहमी सांगायचे, 'बहात्तरच्या दुष्काळात आपल्याला नदीनं तारलं.' नदीनं तारलं हे खरं, पण पंपासाठी कर्ज काढावं लागलं होतं, आणि ते फेडायला नऊ वर्षं लागली. ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशी गोष्ट सापडली की घरात दोन मतं पडतात. माझा भाऊ म्हणाला, कर्जाचं कशाला लिहायचं. मी लिहिलं. कर्जाचं लिहिलं नसतं तर ती नऊ वर्षं आण्णा रात्रपाळीला स्वतः चुलवाणाला (गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीला) जाळ का घालत बसायचे, हे कुणालाच कळलं नसतं. मात्र खतावणीतल्या दुसऱ्यांच्या उधाऱ्या मी कुठेही नावानिशी छापल्या नाहीत. त्यांची नातवंडं आज गावात आहेत. दुसऱ्याची अडचण सांगायचा आपल्याला हक्क नाही.

पेटी उघडा

वाजवणारा माणूस गेला की वाद्य कपाटावर जातं. ते खाली घ्या आणि आधी नुसतं बघा. कुठल्या पट्ट्या झिजल्या आहेत? आण्णांच्या पेटीवर काळी एक (म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी), काळी चार आणि पांढरी चार यांना बोटाचे खळगे पडलेत. काळी एक हा सा धरला तर काळी चार हा पंचम, आणि पांढरी चार हा शुद्ध गंधार. म्हणजे ते काळी एकमध्ये वाजवायचे हे पेटीच सांगते, कुणाला विचारायला नको. सगळ्यात वरच्या सप्तकाच्या पट्ट्या नव्यासारख्या आहेत. तिकडे ते जात नव्हते.

मग वरची फळी काढा. काम जाणणाऱ्या माणसाकडूनच काढून घ्या, सुरांच्या पितळी पट्ट्यांना बोट लावू नका. आमच्या पेटीत आत दुरुस्ती करणाऱ्यांनी पेन्सिलने तारखा लिहून ठेवलेल्या निघाल्या, सहा वेगवेगळ्या. आणि भात्याच्या घड्यांत काळी राख. कारागीर म्हणाले, 'ही पेटी चुलीपाशी वाजवत होते काय?' होय, वाजवत होते. आदण चढलं, म्हणजे रस काहिलीत (मोठ्या कढईत) उकळायला ठेवला, की अडीच-तीन तास तिथून हलता येत नाही, तेव्हा गुऱ्हाळघरातच पेटी काढायचे. मी ती राख झाडू दिली नाही.

कॅसेट असतील तर त्यांना आता उशीर करू नका. आमच्याकडे 1988 च्या सप्ताहातल्या दोन होत्या. कॅसेट वाजवण्याआधी मागच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची झाकणं मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, जाणकाराकडे द्या. ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, मग चांगल्या डेकवरून वायरने थेट लॅपटॉपमध्ये घ्या. स्पीकरसमोर मोबाईल धरून नको. फाइल वॅव प्रकारात ठेवा, तासाला साधारण 635 एमबी जागा लागते, ती द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला वेगळी छोटी प्रत करा.

आता एक युक्ती, जी मला आण्णांच्या पखवाजवाल्या काकांनी शिकवली. जुना डेक फीत कधी जलद, कधी हळू ओढतो, आणि माणसाचा आवाज बदलतो. आमच्या कॅसेटवर आण्णांचा आवाज बारीक, पोरकट येत होता. काका म्हणाले, 'पेटी काढ.' कॅसेट लावली आणि आण्णांचीच पेटी शेजारी ठेवून त्यांनी सा शोधला. तो काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच कुठेतरी लागत होता. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये गती थोडी थोडी कमी करत गेलो, आणि सा काळी एकला येऊन मिळाला तेव्हा खोलीत आण्णांचा आवाज उभा राहिला. खरा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पिठाचे.

अभंगांची वही वेगळी ठेवा. त्यातल्या ओळी तर कुठेही मिळतील. महत्त्वाच्या आहेत त्या शेजारच्या पेन्सिलच्या खुणा, कुठे चाल बदलायची, कुणाला पुढचं चरण द्यायचं, कुठे गजर.

माणसांना विचारताना

'आण्णा कसे होते?' असं विचारू नका. 'देवमाणूस' असं उत्तर येईल आणि बोलणं तिथेच संपेल. हातात वस्तू घेऊन जा. मी गुळव्या मामांकडे, म्हणजे आमच्या गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या मामांकडे, गेले ते गूळ ढवळायची एक जुनी हाटणी घेऊन. त्यांनी ती हातात घेतली, दांड्यावरून अंगठा फिरवला आणि दीड तास बोलले. विचारायचं ते असं: सकाळी पहिल्यांदा काय करायचे? रागावले की काय करायचे? मजुरी कधी द्यायचे, आदल्या दिवशी की शेवटी? कुणाशी बोलणं तोडलं होतं?

साल विचारू नका, कुणालाच आठवत नाही. 'भूकंपाच्या आधी की नंतर?' असं विचारा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, गुऱ्हाळाच्या ऐन हंगामातला, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तेव्हा आपण कुठे होतो ते ठाऊक आहे. मामा म्हणाले, 'काईल डचमळली. म्या म्हटलं रस उतू गेला. तुझा बा वरडला, जाळ काढा, जाळ काढा.' तसंच बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, 1989 चा पूर, 2005 चा पूर. दोन खुणांच्या मध्ये गोष्ट बसवली की वही उघडून तारीख सापडते.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. पंखा आणि टीव्ही बंद. मोबाईल त्यांच्याजवळ, तुमच्याजवळ नको. मध्ये बोलू नका, ते गप्प बसले तरी. मामा एकदा मिनिटभर गप्प होते आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच मी हे सगळं लिहिलं असं मला आज वाटतं.

गूळ झाला की नाही हे बघायची जुनी रीत अशी: उकळत्या काहिलीतला थोडा पाक थंड पाण्यात टाकायचा, त्याची बोटांनी गोळी करायची आणि ती काहिलीच्या काठावर आपटायची. नुसती चिकटली तर कच्चा. टण्ण वाजली तर उतरवायचा. एक मिनिट उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरला तर रवा बसत नाही. आमच्याकडे हे काम मामांचं. ते म्हणाले, 'गोळी म्या आपटायचो. पण तुझा बा डोळं मिटून उभा ऱ्हायाचा. काईल उकळताना आवाज बदलतोय पोरी, आधी भदभद, मग बारीक फटफट. त्यो आवाजावरनं आधीच म्हणायचा, मामा, सूर लागला. म्या आपटायचो तवर गोळी वाजायची.'

शेतकरी, व्यापारी आणि पेटी वाजवणारा अशी तीन माणसं मी तीन प्रकरणांत लिहायला घेतली होती. त्या संध्याकाळी ती तिन्ही प्रकरणं फाडली. तुमच्या माणसातही असा एखादा सांधा असेलच, जिथे त्याची दोन-तीन कामं एकमेकांत मिसळलेली असतील. तो सापडेपर्यंत विचारत राहा, आणि सापडला की तिथूनच लिहायला सुरुवात करा.

आणखी एक. माणसं जसं बोलली तसंच लिहा. 'डोळं मिटून' चं 'डोळे मिटून' करू नका. आणि गुऱ्हाळावर घाम गाळलेल्या सगळ्यांकडे जा, फक्त भावकीत फिरू नका. चिपाडं वाळवणाऱ्या बायकांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्यापैकी एकीने सांगितलं, आण्णा मजुरी चोख द्यायचे, पण जेवायची वेळ मोजायचे. तेही लिहिलं.

दोघांचं दोन तऱ्हेचं निघालं तर

हे हमखास होतं. पेटी कशी आली याबद्दल आमच्या घरात दोन गोष्टी होत्या. चुलते म्हणायचे, भूकंपाच्या आदल्या साली सौदा चांगला लागला, त्यातून घेतली. आई म्हणायची, 'माझ्या माहेरची म्हैस विकली.' कोण खरं हे ठरवायची घाई करू नका, दोन्ही लिहून ठेवा आणि वहीकडे वळा.

शके 1888 ची किर्द, म्हणजे 1966-67 चा हंगाम. मार्गशीर्षात पेटीचे 185 रुपये खर्ची पडलेत, आणि ते लिहिलेत गुऱ्हाळ खर्चात, 'जळण' आणि 'भेंडी' यांच्या मध्ये. (रस निवळायला रानभेंडीची ताटं चेचून घालतात, ती भेंडी.) त्या काळात पेटी हा गुऱ्हाळाचा खर्च मानणारा माणूस माझा बाप होता, हे कळल्यावर मी बराच वेळ ते पान नुसतं धरून बसले. तीन ओळी वर म्हैस विकल्याची जमा आहे. म्हणजे आईचं खरं होतं. चुलत्यांचंही खोटं नव्हतं, सौदा खरंच बरा लागला होता, पण पैसे हाती यायला पुढचा महिना उजाडला.

मग खतावणी चाळली. मागच्या बाजूला एक खातं निघालं, 'घरची म्हैस' या नावाचं. 185 रुपये नावे. त्याखाली दर पट्टीला पंधरा पंधरा रुपये जमा, तीन हंगाम. बायकोच्या म्हशीचं कर्ज आण्णांनी आडत्याच्या खात्यासारखं मांडून फेडलं होतं.

छापायच्या आधी

लेखन पूर्ण झालं की लगेच छापायला देऊ नका. ज्यांनी त्या माणसाबरोबर दिवस काढले त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि वाचताना हातात पेन असू द्या. मामांनी हाटणी कुठल्या लाकडाची ते दुरुस्त केलं, पखवाजवाल्या काकांनी दोन गावांची नावं. आमची सगळी मिळून चौसष्ट पानं झाली. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तीस प्रती बांधून घेतल्या, त्याही चालतात. एक प्रत शाळेला दिली, कॅसेटची फाइल तीन ठिकाणी ठेवली.

आईला शेवटी वाचून दाखवलं. म्हशीच्या खात्याशी आले तेव्हा तिने हात वर केला. म्हणाली, 'सगळं फेडलं असं लिहू नगंस. शेवटचं दिलंच न्हाईत त्यांनी.'

मी खतावणी पुन्हा उघडली आणि बोट लावून मोजलं. पंधरा रुपये, अकरा वेळा. खाली रेघ मारलेली नव्हती. बाकी 20 रुपये.